जुनी पॉइंट टू टू रायफल सेकंडहँड घेताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं लोक मला हेच विचारतात, कुणाच्या ओळखीत कुणीतरी आजोबांची जुनी ब्रनो (चेक बनावटीची .२२ रायफल) विकतंय, घेऊ का, किती द्यावे, काय बघावं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. हे सगळं लायसन असलेल्या किंवा लायसन काढणाऱ्या माणसासाठी आहे, आणि सगळं .२२ म्हणजे पॉइंट टू टू रिमफायर (जिच्या काडतुसाच्या कडेवर पिन आदळते ती) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे प्रत्येक गोळीआधी हाताने बोल्ट (मागचा सरकणारा दांडा) ओढावा लागतो ती. मोठ्या बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) गणित वेगळं असतं.

शिकार तर बंद आहे, मग शिकारीची रायफल घेऊन करायचं काय?

बरोबर आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय आपल्याकडे संपला आणि ते चांगलंच झालं. या रायफली त्याच्या आधीच्या जमान्यातल्या आहेत, तेव्हा ससा, तितर असल्या छोट्या शिकारीसाठी लोक घ्यायचे. आज ज्यांना हव्यात ते रेंजवर कागदावर मारतात, किंवा घरातली वस्तू म्हणून वारसाने ठेवतात. रानडुकरासाठी घेतो म्हणणारे पण भेटतात, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की .२२ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, ती डुकराला मारत नाही, नुसतं जखमी करते आणि ते जनावर चार दिवस हाल होऊन कुठेतरी झुडपात मरतं. शिवाय त्यालाही वनखात्याची परवानगी लागतेच. त्यासाठी ही रायफल घेऊच नका.

आधी लायसन की आधी रायफल?

आधी लायसन. रायफल आवडली म्हणून टोकन देऊन बसू नका, लायसन झालं नाही तर पैसे अडकतात. शहरात पोलीस आयुक्तालय आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र लायसनची शाखा, तिथे आधी जाऊन या. पॉइंट टू टू बोल्ट अ‍ॅक्शन ही नॉन प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य लायसनवर ठेवता येणाऱ्या गटात येते. तुम्ही बघताय ती ऑटोलोडिंग असेल, म्हणजे एकेका राऊंडला बोल्ट ओढावा लागत नसेल, तर मात्र व्यवहाराची बोलणी करायच्या आधी त्या शाखेत लेखी विचारा.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य लायसनधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. घरात आधीच दोन असतील तर तिसरी बघायला जाऊ नका. दोन, विकणारा दुकानदार नसून खाजगी लायसनधारक असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विकायचा इरादा लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. 'आज पैसे द्या, आज घेऊन जा' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

सगळे ब्रनो ब्रनोच का करतात?

कारण ती खरंच चांगली आहे हो. ब्रनो हे चेकोस्लोव्हाकियातलं गाव, आता चेक प्रजासत्ताकात, तिथल्या झ्ब्रोयोव्हका कारखान्याच्या नावाने ही ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉडेल १ आलं, मग मॉडेल २. नळी लांब, अक्रोडाचा किंवा बीचचा दस्ता, मागे नेम धरायची साईट आणि तिच्यावर मीटरचे आकडे, खाली काढता येणारं मॅगझीन (काडतुसांची पेटी). अ‍ॅक्शन इतकी साधी की बिघडायला फार काही नाहीच. आणि दुसरं कारण म्हणजे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसनधारकाला बाहेरून रायफल आणणं बंद झालं, त्यामुळे तेव्हा देशात जेवढ्या होत्या तेवढ्याच आजही या हातातून त्या हातात फिरतात. ब्रनोशिवाय इंग्लंडच्या बीएसए कंपनीची स्पोर्ट्समन, बीएसएच्या, खालचा लिव्हर ओढून एकेक काडतूस भरायच्या मार्टिनी अ‍ॅक्शनवाल्या टार्गेट रायफली आणि अमेरिकेतल्या विंचेस्टरच्या, पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या जुन्या पंप अ‍ॅक्शनवाल्या पण बघायला मिळतात.

पण नाव ब्रनो आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. चाळीस पन्नास वर्षं ती कुणाच्या घरात कशी ठेवली होती याला नावापेक्षा जास्त किंमत आहे. नीट सांभाळलेली बीएसए मी गंजलेल्या ब्रनोपेक्षा कधीही आधी घेईन.

साल कसं कळतं?

चेक रायफलवर प्रूफचा, म्हणजे तपासून पास केल्याचा ठसा असतो, नळी आणि रिसिव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) जिथे जुळतात त्या भागात बघा, त्यात सालाचे शेवटचे दोन आकडे मारलेले असतात. ५६ दिसलं तर १९५६. बर्मिंगहॅमच्या इंग्लिश मालावर मुकुटाखाली बीएनपी असं दिसलं तर ती १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरची, एवढं नक्की सांगता येतं. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाऊसच नाही, तिथे कंपन्या आपापला ठसा मारतात.

हातात घेतल्यावर पहिलं काय?

मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) डोळ्याने बघा आणि करंगळी लावून पण बघा. विकणाऱ्याने 'रिकामी आहे' म्हटलं तरी स्वतः बघायचं. यात लाजायचं काही नाही, जाणकार माणूस उलट खूश होतो. आणि सेफ्टी कुठल्या बाजूला सेफ ते त्याच्याकडून दाखवून घ्या, ब्रनोच्या जुन्या मॉडेलांमध्ये ती बोल्टच्या मागच्या टोकाला असते आणि नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो.

नळी आतून कशी बघायची? मला तर सगळ्या चमकतानाच दिसतात.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्रनोचा बोल्ट काढायला सोपा, ट्रिगर दाबून धरायचा आणि बोल्ट मागे ओढायचा, हातात येतो. आता मागून नळीत बघा आणि तोंडाच्या बाजूला पांढरा कागद धरा. टॉर्च थेट मारू नका, थेट प्रकाशात सगळंच चमकतं आणि तिथेच लोक फसतात. कागदावरून परतलेला मऊ उजेड हवा. त्यात रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांच्या कडा तोंडापर्यंत सरळ धारदार वळत गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

तेल लावलेल्या नळीत बघून काही कळत नाही. आधी फ्लॅनेलची कोरडी चिंधी दोन तीनदा फिरवा, मग बघा. चिंधीवर लालसर तांबूस आलं तर गंज, करडं चकचकीत आलं तर शिसं. शिसं म्हणजे काही संकट नाही, .२२ची गोळी उघड्या शिशाचीच असते, पितळी ब्रशने साफ होतं. गंज गेल्यावर खाली खड्डे राहतात ते मात्र जात नाहीत. बारीक मिठाएवढे ठिपके असतील आणि किंमत त्याप्रमाणे कमी असेल तर एकवेळ चालतं, बऱ्याचदा मारते पण बरी. तोंडाजवळच्या शेवटच्या दोन इंचात खड्डे असतील तर मी घेत नाही.

मग काळी अंगठी बघा. नळीच्या मध्येच कुठेतरी गोल काळी सावली दिसली, कागद हलवला तरी जागची हलत नाही, तर तिथे नळी फुगलेली असते. कधीतरी एक गोळी आत अडकली आणि कुणीतरी तिच्यामागून दुसरी मारली. हे हाताला पण कळतं, घट्ट बसणारी चिंधी रॉडने हळू ढकला, सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, एका जागी अचानक सैल पडली की समजायचं. बाहेरून नळीवर बोटं फिरवली तर कधी कधी तो फुगवटा बोटालाही लागतो.

शेवटी तोंड. आपल्याकडे पुढून लोखंडी रॉड घालून साफ करायची फार सवय आणि त्याने तोंडाची कड एका बाजूने झिजते. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर कानात घालायचा कापूस तोंडाच्या कडेवर गोल फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे ओरखडा आहे.

एक गोष्ट फार जुन्या रायफलींबद्दल. साधारण १९३०च्या आधीच्या काडतुसांचा प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणारा मसाला, जळला की आत क्षार राहायचा, आपल्या मिठासारखा हवेतलं पाणी ओढून घेणारा, आणि पावसाळ्यात तो एका रात्रीत नळी खायचा. म्हणून १९१०-२०च्या सुमाराची रायफल बाहेरून कितीही देखणी असली तरी नळीकडे दुप्पट संशयाने बघा.

चेंबरमध्ये वेगळं काय बघायचं?

.२२ला प्रायमर काडतुसाच्या कडेतच असतो, फायरिंग पिन त्या कडेला ठेचते. काडतूस नसताना खटाखट ट्रिगर दाबत बसलं तर बऱ्याच जुन्या रायफलींमध्ये पिन सरळ चेंबरच्या लोखंडी कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. घरातल्या पोरांनी टीव्ही बघता बघता हा उद्योग केलेला असतो. चेंबरच्या कडेला पिनच्या जागी खड्डा आणि आत शिरलेला लोखंडाचा उंचवटा दिसला तर काडतूस नीट आत जाणार नाही किंवा पुंगळी (रिकामं काडतूस) अडकेल. चांगला कारागीर ते दुरुस्त करू शकतो, पण ते किमतीत धरा.

दुसरं म्हणजे, आयुष्यभर .२२ शॉर्ट, म्हणजे आखूड काडतूस, मारलेली रायफल असेल तर शॉर्टची पुंगळी जिथे संपते त्याच्या पुढे चेंबरमध्ये एक झिजलेला गोल पट्टा तयार होतो. मग लाँग रायफल नावाचं लांब काडतूस मारलं की पुंगळी त्या पट्ट्यात फुगते आणि निघताना चिकटते.

.२२ लिहिलंय म्हणजे सगळी .२२ची काडतुसं चालतात ना?

नाही! नळीवर काय कोरलंय ते शब्दनशब्द वाचा. लाँग रायफल हे काडतूस १८८७चं, आज सगळीकडे मिळतं तेच. पण विंचेस्टरच्या १८९० मॉडेलच्या पंप रायफली शॉर्ट, लाँग, लाँग रायफल आणि डब्ल्यूआरएफ (विंचेस्टरचंच वेगळं काडतूस) अशा वेगवेगळ्या चेंबरच्या निघायच्या, एका चेंबरची दुसऱ्याला चालत नाही. डब्ल्यूआरएफवाली घेतलीत तर काडतुसं शोधताना नाकी नऊ येतील. मॅग्नम १९५९मध्ये आलं, ते तर वेगळंच. लायसनवर आणि नळीवर एकच लिहिलंय ना तेही तपासा.

दस्ता काढून बघायलाच पाहिजे का? विकणाऱ्याला वाईट वाटतं.

वाटू दे. यावर मी स्वतः पोळलोय म्हणून सांगतो. माझी पहिली जुनी रायफल मी कोकणातून घेतली, ब्ल्यूइंग (लोखंडावरचा काळपट निळा मुलामा) छान, नळी आतून आरशासारखी, अक्रोडाच्या दस्त्यावर अशा लाटा की बघत राहावं, विकणारे काका सज्जन, चहा पोहे झाले आणि दस्ता उघडा असं म्हणायला जीभच रेटली नाही. घरी आणून खालचे दोन स्क्रू काढले आणि नळी उचलली तर लाकडाच्या रेषेच्या खाली, जिथे बाहेरून दिसतच नाही तिथे, वीतभर लांब तांबडा पापुद्रा सुटला. नखाने खरवडला तर खाली लोखंडाला मोहरीएवढे खड्डे. काकांनी फसवलं नाही, त्यांनाही माहीत नव्हतं, चाळीस वर्षांत कुणी उघडलीच नव्हती. कोकणातले चाळीस पावसाळे त्या लाकडाने शोषले आणि लोखंडाला लावून ठेवले.

तेव्हापासून दस्ता न उघडता मी एकही घेतलेली नाही. स्वतःचे नीट मापाचे स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे, नाहीतर खाच तुम्हीच बिघडवाल. खाचा आधीच कुतरल्यासारख्या दिसल्या तर कुणीतरी आधी उघडलीय, का उघडली ते विचारा. दस्ता सुटा झाला की मनगटाचा भाग, म्हणजे ट्रिगरच्या मागे जिथे हात धरतो तो, उजेडात वाकडा तिकडा फिरवून बघा, तिथे आणि रिसिव्हरच्या मागच्या कोपऱ्यात केसासारखी चीर असते. लाकूड काळं पडून मऊ झालं असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलंय, रायफल कोपऱ्यात उभी ठेवून वरून तेल ओतायची सवय होती ना, तेच.

बोल्ट जड चालतो, पिन हळू आदळते. खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. खोबरेल तेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल, घरात जे असेल ते लोकांनी घातलेलं असतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षांनी त्याचा डिंक होतो, पिनचं स्प्रिंग त्यातच रुतून बसतं आणि काडतूस फुसकं जातं. बोल्ट खोलून केरोसीनमध्ये धुतला की बऱ्याचदा घड्याळासारखा चालायला लागतो. अशी 'मिसफायर होते' म्हणून स्वस्तात विकलेली रायफल नळी चांगली असेल तर मी आनंदाने घेईन.

ट्रिगर आणि सेफ्टीची परीक्षा कशी घ्यायची?

रिकामी खात्री करून, चेंबरमध्ये वापरलेली पुंगळी किंवा डमी घालून, तोंड सुरक्षित दिशेला धरून. बोल्ट उघडून बंद केला की तो कॉक होतो, म्हणजे पिन ताणलेली राहते, आता दस्त्याच्या मागच्या बाजूला तळहाताने चांगली थाप मारा. पिन सुटली तर ती रायफल धोकादायक. मग सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, आणि नंतर सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना आपोआप सुटली तरी तेच. हलका ट्रिगर हवा म्हणून कानशीने घासलेले पार्ट असतात हे, आणि त्यावर उपाय नवीन पार्टचाच, जो आपल्याकडे सहज मिळत नाही.

मॅगझीन नाही, नंतर मिळेल म्हणतात.

मिळालं तर मिळालं. ओरिजिनल मॅगझीन नसेल तर भावात भरपूर घासाघीस करा. असेल तर ओठ वाकलेत का, स्प्रिंग मेलीय का आणि जागेवर बसल्यावर डगडगतं का ते बघा.

पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे वर्षानुवर्षं जमा होती, चालेल का?

मूळ लायसनधारक वारला की रायफल जमा होते, वारसांचं लायसन व्हायला किंवा विक्री व्हायला वर्षं जातात. निवडणूक आली की आचारसंहितेत पण जमा करायला सांगतात. अशी पडून राहिलेली रायफल आतून बघितल्याशिवाय घेऊच नका, कारण जमा करताना तेल लावून दिलं होतं की तशीच दिली होती यावर सगळं आहे. तसंच चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली. लोकांना वाटतं कव्हरमध्ये म्हणजे जपून ठेवली, पण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात, कव्हरच्या शिवणीच्या रेषेत गंजाची रेघ उठलेली मी पाहिलीय.

एकदम नव्यासारखी काळीभोर केलीय, दस्ता पण चकाचक. जास्त पैसे द्यावे का?

उलट कमी. नळीवरची अक्षरं बघा, कडा गोल आणि पुसट झाल्या असतील तर घासून परत ब्ल्यू केलीय, आणि घासली कशासाठी तर गंज काढायला. मूळ फिनिश झिजून कडांना चांदीसारखी पडलेली असते ती हातांनी वापरलेली खूण आहे, त्याला हात लावू नये. घेतल्यावर तुम्हीपण वार्निश मारायला पळू नका, प्लीज.

नंबर पुसट आहे, चालेल?

नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ८मध्ये ओळखीचे नंबर नसलेलं किंवा खोडलेलं शस्त्र घेणं, बाळगणं, विकणं सगळंच येतं. लायसनवरचा नंबर, रिसिव्हरवरचा नंबर आणि बोल्टवर नंबर असला तर तो, तिन्ही स्वतः वाचून जुळवा. नळी कापलेली वाटली, म्हणजे लांबी कमी, माशी (नळीच्या टोकावरची पुढची साईट) नव्याने झाळलेली, तोंड कानशीने सपाट केलेलं, तरी सोडून द्या. नळी आखूड करायलाही कायद्याने वेगळं लायसन लागतं.

मी अमेरिकेत राहतो, इथे गॅरेजमधून आजोबांच्या .२२ निघतात, त्यांना नंबरच नसतो!

तिकडे ते खरंच असू शकतं. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टच्या आधी स्वस्त .२२वर नंबर मारायची सक्ती नव्हती, त्यामुळे कधीच नंबर नव्हता आणि घासून काढला या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, घासल्याची खूण दिसते का ते बघा आणि तुमच्या राज्याचे नियम वाचा. नळी आणि चेंबरचं वर लिहिलेलं सगळं तिकडेही तसंच लागू. पण ती सुट्टीला येताना भारतात आणायचा विचार डोक्यातून काढून टाका.

मारून बघता येईल का?

मिळत असेल तर नक्की बघा, पण रेंजवर आणि मालकाच्या लायसनवर, त्याच्यासमोर. कुणाच्या शेतात नको. ५० मीटरवर वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच राऊंड, इंच सव्वा इंचात बसले तर जुनी रायफल फार चांगली समजा. पण मी कागदापेक्षा आधी पुंगळ्या उचलून बघतो. पिनचा ठसा कडेवर खोल आणि सगळ्यांवर एकाच जागी हवा. बुडाशी फुगलेली, कडेला फाटलेली पुंगळी निघाली तर चेंबर किंवा बोल्टची गडबड आहे, पुढचा राऊंड भरू नका. आणि दोन वेगळ्या काडतुसांनी बघा, एका रायफलला एक आवडतं दुसरीला दुसरं, त्यावरून नळीला नावं ठेवू नका.

किंमत किती योग्य?

आकडा मी देत नाही, जिल्ह्याजिल्ह्यात फरक पडतो आणि प्रत्येक रायफल वेगळी. मी असं करतो, नळी आणि चेंबर ठीक असेल तरच बोलणी, मग मॅगझीन, ट्रिगर, दस्त्याची चीर, साईट एकेक कमी करत जायचं. दुरुस्तीचा खर्च आधी कारागिराला विचारून ठेवा. लाकूड सुंदर आहे यासाठी थोडे जास्त द्यायला माझी हरकत नाही, पण सगळ्यात शेवटी.

विकणारा दस्ता उघडू देत नाही, म्हणतो विश्वास ठेवा.

विश्वास ठेवा आणि रायफल त्याच्याकडेच राहू द्या. गोड बोलून सांगा, काका, तुम्हीच तुमच्या कारागिराकडून उघडून घ्या, मी समोर नुसता बसतो, हात पण लावत नाही. यावर बहुतेक लोक तयार होतात. तरी नाहीच म्हणाले तर नमस्कार करून निघा.